शेऱ्याचा रकाना

संग्रहालय आधी उभे राहते आणि प्रदर्शने त्यात मागाहून भरतात, असे आपण सहसा धरून चालतो. मुंबईच्या सर्वांत जुन्या संग्रहालयाच्या, म्हणजे भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. १८५१ साली लंडनमध्ये जागतिक प्रदर्शन भरले, तिथे हिंदुस्थानातील कापड, कोरीव काम आणि कच्चा माल पाहून युरोपचे डोळे विस्फारले, आणि अशा प्रदर्शनांसाठी नमुने धाडता धाडता त्यांचा एक संच मुंबईतही असावा, या कल्पनेने इथे मूळ धरले. कोटातील, म्हणजे आजच्या फोर्टमधील, एका बराकीत तो संग्रह मांडला गेला. १८५७च्या धामधुमीत बराक लष्कराला हवी झाली आणि संग्रहाला तिथून गाशा गुंडाळावा लागला. नवी इमारत बांधायची म्हणून शहरात वर्गणी गोळा होऊ लागली, तिच्यामागे संग्रहाचे अभिरक्षक जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी उभे राहिले, डेव्हिड ससून यांच्यासारख्या धनिकांनी हात सैल सोडला, आणि १८६२ साली गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढे अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, १८६५ साली मुंबईच्या शेअरबाजाराचे दिवाळे वाजले आणि वर्गणीचा ओघ आटला. अखेर सरकारच्या मदतीने बांधकाम तडीस गेले आणि २ मे १८७२ रोजी 'व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम' लोकांसाठी उघडले. त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळायला १९७५ साल उजाडावे लागले.

हा इतिहास मी एवढ्यासाठी सांगितला की, संग्रहालयात 'लोकसहभाग' ही अलीकडे बाहेरून आलेली टूम आहे, असे बोलणारी माणसे मला वारंवार भेटतात. लोकांनी पैसे घातले, वस्तू दिल्या, सभा भरवल्या, भांडणेही केली, म्हणून ही इमारत उभी राहिली. गोव्यातील पेडण्याजवळच्या मांद्रे गावात जन्मलेला, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झालेला, रोग्यांना तपासून झाल्यावर ताम्रपट आणि शिलालेख वाचत बसणारा आणि पुढे मुंबईचा शेरीफ झालेला भाऊ दाजींसारखा गृहस्थ या कामात पडतो, तेव्हा त्याच्या मनात केवळ राणीच्या नावाची कोनशिला असेल, असे मला वाटत नाही. सहभाग तेव्हाही होता. फक्त तो देणाऱ्यांचा होता, पाहणाऱ्यांचा नव्हता. पाहणाऱ्यांनी काय पाहावे आणि त्यातून काय शिकावे, हे आधीच ठरलेले होते.

त्याची खूण संग्रहालयातील मातीच्या बाहुल्यांमध्ये अजून दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी, जे. जे. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स हे इथले अभिरक्षक असताना, मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींची, धंद्यांची आणि गावगाड्यातील प्रसंगांची लहान लहान शिल्पे तयार झाली. वीतभर उंचीची माणसे आणि त्यांच्यापुढे त्यांच्या व्यवसायाची हत्यारे. दुसऱ्या एका कपाटात केवळ डोकी आहेत, आणि त्या डोक्यांवर पगड्या, पागोटी, फेटे, टोप्या. मुंबईच्या रस्त्यावर कोण चालले आहे हे नुसते डोक्याकडे पाहून ओळखता येत होते, त्या काळाचा हा हिशेब आहे. कारागिरी अप्रतिम आहे. पगडीची एकेक घडी वेगळी उठली आहे. तरीही त्या कपाटासमोर थोडा वेळ उभे राहिले की मन अस्वस्थ होऊ लागते, कारण साहेबाच्या राज्यात माणसांची जशी वर्गवारी झाली, तशीच ती इथे काचेआड रांगेने मांडलेली आहे, आणि आपण जिला वारसा म्हणून न्याहाळतो आहोत ती कोणे एके काळची सरकारी नजर आहे.

असे असूनही ज्या दिवशी संग्रहालयाची मराठीतून फेरी असते आणि राणीच्या बागेत पेंग्विन पाहायला आलेली कुटुंबे चुकूनमाकून इकडे वळतात, त्या दिवशी हेच कपाट अगदी निराळे होते. अशाच एका फेरीत पांढरा सदरा घातलेले एक वयस्क गृहस्थ बराच वेळ मागे मागे चालत होते. पगड्यांच्या कपाटाशी येताच ते पुढे सरसावले. फेटा रोज बांधायचा असतो आणि पगडी एकदाच, पगडीबंदाकडून बांधून आणायची असते, त्यामुळे ती भिजली की खळ सुटते आणि घड्या बसतात, असे त्यांनी आम्हांला समजावून दिले. त्यांचे आजोबा कचेरीत पगडी घालून जात. पावसाळ्यात मात्र पगडी मेणकापडात गुंडाळून ती काखेत धरत आणि स्वतः उघड्या डोक्याने छत्रीखालून चालत. "डोकं भिजलं तर पुसता येतं हो," ते म्हणाले. सगळे हसले. फेरी घेणाऱ्या तरुणीनेही मनापासून दाद दिली आणि ती आम्हांला पुढच्या कपाटाकडे घेऊन गेली.

ती गोष्ट कोठेही लिहिली गेली नाही, आणि ही त्या तरुणीची चूक नव्हे. ते काम कुणाचे आहे, हेच आपल्याकडे कधी ठरलेले नाही. संग्रहालय लहान असो वा मोठे, त्याच्या मुळाशी एक जाडजूड आवक नोंदवही असते. वस्तूचा क्रमांक, आल्याची तारीख, वर्णन, माप, कोठून आली, कोणी दिली की विकत घेतली, असे तिचे रकाने असतात आणि शेवटी बहुधा 'शेरा' असा एक रकाना असतो. मी ज्या काही नोंदवह्या चाळल्या आहेत, त्यांत हा रकाना जवळजवळ कोराच असतो. फार तर 'कान तुटलेला' किंवा 'दुरुस्तीस पाठविले' एवढेच. माझ्या मते संग्रहालयाने भरवलेल्या प्रत्येक कार्यक्रमाचा खरा हिशेब या रकान्यात उमटला पाहिजे. किती लोक आले, समई कोणी लावली, वर्तमानपत्रात छायाचित्र कितव्या पानावर छापून आले, हे सगळे अहवालात येतेच. आलेल्या लोकांना त्या वस्तूबद्दल संग्रहालयापेक्षा अधिक काय ठाऊक होते, याला मात्र अहवालात जागा नसते.

मुलांच्या कार्यशाळांमध्ये ही गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या आसपास कित्येक संग्रहालये मुलांना माती, कागद आणि रंग देऊन बसवतात. ज्या मुलाने चाळीच्या आवारात दिवाळीचा किल्ला केला आहे, त्याला संग्रहालयातील मातीची दृश्ये समजावून सांगावी लागत नाहीत, असा माझा अनुभव आहे. गोणपाट चिखलात बुडवून विटांवर पसरायचे, अळीव पेरून हिरवळ आणायची, बाजारातून महाराज आणि मावळे आणायचे, हे त्याने हाताने केलेले असते, आणि त्यातील अडचणीही त्याला पाठ असतात. काचेआडचे खेडे पाहून एक मुलगी आईला म्हणाली, "ह्यांची माणसं दारातून आत जाऊ शकतात." आईला काही उमगले नाही, मला मात्र चटकन उमगले. आपल्या किल्ल्यावरचा पहारेकरी बुरुजापेक्षा उंच असतो आणि महादरवाजातून त्याचे फार तर पाऊल आत जाईल. बाजारात मावळे मिळतील त्या मापाचे घ्यावे लागतात, किल्ला मात्र अंगणाच्या मापाचा होतो. जो प्रमाणाचा धडा शिकवायला तज्ज्ञांना तास लागला असता, तो तिने एका वाक्यात उरकला होता. महाराष्ट्रात प्रदर्शन मांडण्याची सवय संग्रहालयांनी लावलेली नाही. ती किल्ल्यांतून, गणपतीपुढच्या देखाव्यांतून, चैत्रगौरीच्या आराशीतून घरोघरी आधीच होती. संग्रहालयाच्या कार्यक्रमाची आखणी करणाऱ्यांनी ही पूर्वतयारी गृहीत धरली, तर निम्मी पत्रके छापावी लागणार नाहीत.

भायखळ्याच्या या वास्तूचा अलीकडचा काळ महत्त्वाचा आहे. एके काळी तिची रया गेली होती. २००३ साली महानगरपालिका, वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला, काम मार्गी लागले, आणि २००८ साली सोनेरी वेलबुट्टीचे छत आणि लोखंडी खांब पुन्हा झळाळले. मधल्या काळात, २००५ साली, युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. त्यानंतर संग्रहालयाने एक धाडस केले, ते म्हणजे जुन्या कपाटांच्या मधोमध आजच्या चित्रकारांना आणि शिल्पकारांना जागा दिली. या प्रयोगावर नाके मुरडणारे पुष्कळ आहेत, आणि काही प्रदर्शने मलाही डोक्यावरून गेलेली आहेत. पण २०११ साली जितीश कल्लाट यांनी तिथे बांबूच्या परांचीसारखी दिसणारी शिल्पे उभी केली होती, ती मी विसरू शकत नाही. रंगीत रेझिनमध्ये ओतलेले ते बांबू होते, गाठींसकट. नुकतीच डागडुजी होऊन लखलखलेल्या दालनात दुरुस्ती अजून चालूच असल्यासारखे वाटत होते, आणि मुंबईसारख्या कधीही पूर्ण न होणाऱ्या शहराबद्दल त्याहून नेमके काही बोलता आले नसते. त्या दिवशी एक माणूस आपल्या मुलाला घेऊन त्या खांबांभोवती फिरत होता. बांबूला दोरी पेराच्या वरच्या अंगाला आवळायची असते, म्हणजे वजन आले तरी ती घसरत नाही, असे तो मुलाला हाताने दाखवून सांगत होता. परांचीवर उभा राहिलेला माणूसच असे सांगू शकतो. समकालीन कलेचे दालन आणि सामान्य प्रेक्षक यांच्यात दरी आहे, असे जे म्हणतात त्यांना मी हा प्रसंग सांगतो. फक्त शेजारी त्याच्या भाषेत बोलणारे आणि त्याचे ऐकणारे कोणी तरी उभे असावे लागते. इंग्रजी निवेदन कितीही सुबक छापले, तरी ते ऐकण्याचे काम करू शकत नाही.

वस्तूपेक्षा वस्तूबद्दलचे बोलणे महत्त्वाचे मानणारा एक संग्राहक पुण्यात होऊन गेला. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर यांनी अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने जे संग्रहालय उभे केले, त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, आणि १९७५ साली त्यांनी ते सारे राज्य सरकारच्या हवाली केले. त्यांच्या वस्तू बहुतेक माजघरातल्या आहेत: अडकित्ते, वज्र्या, दिवे, करंडे, पानाचे डबे, दौती. अडकित्ता विकत मिळतो, पण त्याने कोण कोणासाठी सुपारी कातरीत असे, हे विकणाऱ्याच्या ओसरीवर बसून ऐकावे लागते. तेर गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांचेही तसेच. सातवाहनांच्या काळी तगर म्हणून रोमपर्यंत ठाऊक असलेल्या या गावात पाऊस पडला की मातीतून मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येत, आणि लामतुरे त्या जमवीत; आज तिथल्या शासकीय वस्तुसंग्रहालयाला त्यांचेच नाव आहे. अशा माणसांच्या डोक्यात शेऱ्याचा रकाना काठोकाठ भरलेला असतो. ती गेली की तो रिकामा होतो आणि मागे क्रमांक उरतात.

गर्दी हेच यश मानले, तर जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाकडून उसनी आलेली वाघनखे पाहायला जे लोक लोटले, त्याला तोड नाही. ही वाघनखे साताऱ्यात कंपनी सरकारचे रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफ यांच्याकडे आली आणि पुढे त्यांच्या वंशजांकडून त्या संग्रहालयाकडे गेली. अफझलखानाच्या वेळी महाराजांच्या हाती होती ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असे ती बाळगणारे संग्रहालय स्वतःच सांगते. या प्रश्नावरून महाराष्ट्रात बराच वाद झाला. मला त्या वादाची भीती वाटत नाही. आजोबांचे बोट धरून आलेल्या नातवाला, 'लोकांची श्रद्धा काय आहे आणि पुरावा कोठवर पोचतो' हे दोन्ही एकाच फलकावर शेजारी शेजारी वाचायला मिळाले, तर त्याच्या मनातील महाराज तिळमात्र लहान होत नाहीत. उलट इतिहास कसा ठरवला जातो, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा दिसते. प्रदर्शन भरवणाऱ्यांना ही हिंमत दर वेळी होते असे नाही, हे खरे.

आता गिरणगावाकडे वळतो, कारण भायखळ्याच्या संग्रहालयापासून लालबाग, काळाचौकी आणि परळ ही सारी वस्ती हाकेच्या अंतरावर आहे, आणि स्थानिक इतिहास म्हणतात तो इथे अजून माणसांच्या तोंडी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही, आणि गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करायचे, ही चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. दरम्यान लोकांनी वाट पाहिलेली नाही. एका चाळीच्या गणेशोत्सवात तिथल्या मुलामुलींनी देखाव्याला फाटा देऊन घराघरांतून गिरणीच्या वस्तू मागून आणल्या आणि मंडपाच्या एका बाजूला बाकांवर मांडल्या, ते प्रदर्शन मी पाहिले आहे. पगाराची पाकिटे, पितळी बिल्ला, पतपेढीचे पासबुक, खाणावळीचा डबा, बाबीन, आणि साच्यावरचा, म्हणजे गिरणीतल्या मागावरचा, लाकडी धोटा. प्रत्येक वस्तूखाली हाताने लिहिलेले कार्ड होते. त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, जी मी कुठल्याही मोठ्या संग्रहालयात पाहिलेली नाही. बाकाच्या टोकाला शाळेची दोनशे पानी वही दोरीने बांधून ठेवली होती आणि वर लिहिले होते: 'तुम्हांला ठाऊक असेल ते लिहा.'

लोकांनी लिहिले. कुठल्या गिरणीचा भोंगा आधी होई, यावर दोघांचे एकमत नव्हते, आणि दोघांनीही एकाच पानावर एकमेकांना खोडून काढले होते. रीळ खात्यात काम केलेल्या एका आजींनी नातीकडून लिहवून घेतले होते की, डबा उघडण्याआधी साडीवरचा कापूस झटकावा लागे, नाही तर भाकरीला तो चिकटे. बहुतेक नोंदी अशाच होत्या, कौतुकाच्या आणि आठवणींच्या. धोट्याखालच्या कार्डावर तो साच्यात कसा धावतो, उभ्या धाग्यांतून आडवा धागा कसा ओवतो, एवढेच लिहिले होते. वहीत मात्र एका गृहस्थाने लिहिले होते: 'माझे आजोबा याच गिरणीत होते, पण त्यांना हा धोटा हातात धरू दिला नाही.'

त्यापुढची ओळ कोणाला सांगावी लागू नये, पण मंडपातील अनेकांना सांगावी लागली. तुटलेला धागा जोडताना तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून साचे खात्यात, जिथे पगार अधिक होता तिथे, अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेशच नव्हता. इतरांना त्यांच्या थुंकीचा विटाळ होई. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला होता. पुस्तकात ही गोष्ट मी कधीच वाचली होती. तो धोटा प्रत्यक्ष समोर असताना, त्याच्या टोकाजवळचे धागा ओवायचे भोक दिसत असताना आणि शेजारी ते वाक्य असताना ती वाचणे, ही निराळीच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी मुलांनी धोट्याखाली दुसरे कार्ड लावले. पहिले काढले नाही. उत्सवाच्या दिवसांत हे कशाला, असा आक्षेप एका ज्येष्ठाने घेतला, त्यावर अर्धा तास वाद झाला, चहा झाला, आणि कार्ड राहिले. पहिल्या दिवशी पाहून गेलेली काही माणसे ते वाचायला पुन्हा आली, आणि वहीत त्या पानावर आणखी तीन नोंदी पडल्या. त्यांतली एक त्या ज्येष्ठांची होती. त्यांनी आपल्या वडिलांच्या खात्याचे नाव, मुकादमाचे नाव आणि 'हे असेच होते' एवढेच लिहिले होते.

विसर्जनानंतर वस्तू ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. वही मंडळाच्या कपाटात आहे. ती नकलून घ्यायला किंवा तिची छायाचित्रे काढायला अजून कोणतेही संग्रहालय आलेले नाही, आणि त्या वस्तूंपैकी एखादी उद्या कोणी देणगी म्हणून दिलीच, तर नोंदवहीत 'धोटा, लाकडी, एक नग' असे लिहिले जाईल.